कधी येतो, कधी जातो: घरच्या कॉम्प्युटरवरचा सर्टिफिकेट एरर कसा पकडायचा

सर्टिफिकेट म्हणजे साईटचं ओळखपत्र, ते ब्राउझरला पटलं नाही की हा एरर येतो. आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं ते बघून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच ठरतं.

साईट उघडायला गेलं की पानभर "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट", वर लाल त्रिकोण, खाली "बॅक टू सेफ्टी"चं बटण, फायरफॉक्स असेल तर "पोटेन्शियल सिक्युरिटी रिस्क अहेड", आणि तासाभराने तीच साईट गुपचूप उघडते. किंवा सकाळी पीसी चालू केला की जिकडेतिकडे एरर आणि चहा पिऊन येईपर्यंत गायब. किंवा ठराविक एकाच साईटवर येतो, बाकी सगळं मस्त. किंवा पीसीवरही येतो आणि वायफायवर असताना मोबाईलवरही येतो, पण मोबाईल डेटा चालू केला की नाही येत. किंवा महिन्यातून एकदा घरातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर एकदम. किंवा क्रोममध्ये चालतंय आणि फायरफॉक्समध्ये नाही, नाहीतर त्याच्या उलट.

कायमचा एरर परवडला, तो समोर बसलेला असतो. हा येऊनजाऊन असणारा वैताग आणतो, कारण दुरुस्तीवाला घरी पोचतो तेव्हा सगळं सुरळीत चालू असतं आणि घरचे म्हणतात "अहो आत्ता येत होता!" मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो, हा प्रकार इतक्यांदा बघितलाय की फोनवर माझा पहिला प्रश्न "काय एरर येतो" हा नसतोच, "कधी येतो" हा असतो. फोनच्या नोट्समध्ये लिहायला लागा: किती वाजता, कुठली साईट, कुठला ब्राउझर, नेट कुठलं होतं, आदल्या रात्री लाईट गेली होती का. चार नोंदी झाल्या की बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते त्यातच दिसतं, पीसीच्या घड्याळात, नेटमध्ये, अँटीव्हायरसमध्ये की त्या साईटच्याच सर्व्हरवर.

एक गोष्ट सुरुवातीलाच. "अ‍ॅडव्हान्स्ड" दाबून "प्रोसीड टू" वर जायची सवय असेल तर ती मोडा. बातम्यांची साईट असेल तर एकवेळ समजू शकतो, पण बँक, मेल, शेअर, आधार, पॅन, जिथे पासवर्ड किंवा ओटीपी टाकता तिथे अजिबात नाही. काही साईटवर हे बटण येतच नाही, लोकांना वाटतं ब्राउझर बिघडलाय. तसं नसतं, त्या साईटने ब्राउझरला आधीच सांगून ठेवलेलं असतं की माझं सर्टिफिकेट चुकलं तर कोणालाही आत सोडू नको. नेटवर हा अडथळा चुकवायच्या युक्त्या फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

एररचं पान नीट वाचा, फुकट आहे

ब्राउझर मुख्यतः तीन गोष्टी तपासत असतो. सर्टिफिकेटची मुदत चालू आहे का, त्याच्यावरचं नाव आणि तुम्ही टाकलेलं साईटचं नाव एक आहे का, आणि त्याच्यावर सही करणारी संस्था ओळखीची आहे का. त्यातलं काय फसलं ते पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि शंभरातले नव्वद लोक ते वाचत नाहीत. "सर्ट डेट इनव्हॅलिड" म्हणजे तारखेचा घोळ, "सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड" म्हणजे नावाचा, "सर्ट ऑथोरिटी इनव्हॅलिड" किंवा फायरफॉक्समध्ये "अननोन इश्यूअर" म्हणजे सही अनोळखी.

क्रोममधली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. त्या एरर कोडच्या अक्षरांवरच माऊसने क्लिक करा, बटण बिटण काही दिसत नाही पण क्लिक होतं. खाली उघडतं: सब्जेक्ट, म्हणजे सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं, इश्यूअर, म्हणजे दिलं कोणी, एक्स्पायर्स ऑन, म्हणजे मुदत कधीपर्यंत, आणि करंट डेट. ही करंट डेट म्हणजे तुमच्या पीसीला आज काय तारीख वाटतेय ती. या चार ओळींचा फोटो काढून ठेवा. एरर नंतर पळून गेला तरी पुरावा हातात राहतो, आणि पुढची प्रत्येक तपासणी याच चार ओळींकडे बघून करायची आहे.

घड्याळ

करंट डेट चुकीची दिसली की बाकी काही बघायची गरज नाही. नुसती वेळ बघू नका, वर्ष बघा, एएम-पीएम बघा, टाईमझोन बघा. खाली कोपऱ्यात दहा वाजून वीस मिनिटं बरोबर दिसतात आणि वर्ष भलतंच असतं, असं खूप वेळा असतं. टाईमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक साडेपाच तास, बास. झोन चुकलेला असताना लोक घड्याळ हाताने जुळवतात, मग दिसायला वेळ बरोबर पण आतून पीसी काही तास पुढे किंवा मागे.

आता हा एरर येऊनजाऊन का असतो ते सांगतो. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, पीसी बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल नवा असेपर्यंत काही कळत नाही. अशक्त झाला की रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केल्यावर घड्याळ तिथेच थांबतं, सकाळी पीसी सात-आठ तास मागे असतो, मग नेट जोडलं गेलं की विंडोज थोड्या वेळाने वेळ दुरुस्त करतं आणि एरर गायब. म्हणजे "चहा होईपर्यंत जातो" वाली केस. आणि सात-आठ तासांनी काय बिघडतं असं वाटेल, तर बहुतेक साईटना काहीच होत नाही, फक्त ज्या साईटने आदल्या रात्रीच सर्टिफिकेट नवीन केलंय तिचं सर्टिफिकेट तुमच्या पीसीच्या हिशोबाने अजून सुरूच झालेलं नसतं. म्हणून एखाद्याच साईटवर येतो आणि माणूस त्या साईटला शिव्या घालत बसतो.

सेल पूर्ण मेला की मग तारीख थेट काही वर्षं मागे, बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या, जन्मतारखेवर. इथे आणखी एक गंमत, घरगुती विंडोज नेटवरून वेळ घेतं खरं, पण फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर ते सहसा आपोआप दुरुस्त करत नाही, त्याला तो फरक संशयास्पद वाटतो. तेव्हा आधी तारीख हाताने बरोबर करायची आणि मग सेटिंग्जमध्ये "डेट अँड टाईम" मध्ये जाऊन "सिंक नाऊ" दाबायचं.

कराडात एका निवृत्त सरांकडे गेलो होतो, पेन्शनची साईट उघडत नाही म्हणून. मी म्हटलं सर, जरा बंद करून चालू करून दाखवा. चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत तीन ओळी आल्या आणि सरांनी न बघता एफ वन दाबलं. म्हटलं सर हे काय? म्हणाले, "ते रोजचंच आहे, मागच्या दिवाळीपासून येतं, एफ वन दाबलं की जातं." त्या तीन ओळींत सेलबद्दलच लिहिलेलं होतं. तेव्हा तुमच्याकडे चालू होताना कुठलंही बटण दाबायला लागत असेल तर ते रोजचं समजू नका, वाचा काय लिहिलंय.

सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलताना पीसी बंद, वायर भिंतीवरच्या बोर्डातून काढलेली, लिहिलेली बाजू वर. पण त्याआधी एक काम करा, विंडोज १० किंवा ११ मध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाईस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा आणि रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून लिहून घ्या. सेल काढला की बायोसच्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात आणि कधीकधी विंडोज ती की मागतं, तेव्हा ती नसेल तर पन्नास रुपयांच्या सेलपायी सगळा डेटा अडकतो. लॅपटॉपमध्ये सेल असलाच तर वायरने जोडलेला आणि आत कुठेतरी चिकटवलेला असतो, तो स्वतः उघडायच्या फंदात पडू नका.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असेल तर सेल चांगला असूनही हेच होतं. लिनक्स आतलं घड्याळ यूटीसीवर ठेवतं, विंडोज त्याला स्थानिक वेळ समजतं, त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की बरोबर साडेपाच तास मागे. फरक बरोबर साडेपाचचा दिसला की दुसरं काही शोधू नका, लिनक्सला घड्याळ लोकल टाईमवर ठेवायला सांगा, संपलं.

नेट बदलून बघा

घड्याळ बरोबर असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून पीसी त्याच्यावर जोडा आणि तीच साईट उघडा. पाच मिनिटांचं काम आहे पण यातून दोष पीसीत आहे की घरच्या लाईनीत ते कळतं, आणि नंतरच्या तासांची उगाच खटपट वाचते. हॉटस्पॉटवर चालली तर राउटर किंवा इंटरनेटवाल्याकडे काहीतरी आहे. हॉटस्पॉटवरही तोच एरर आणि मोबाईलच्या ब्राउझरमध्ये मात्र साईट व्यवस्थित, तर दोष पीसीत. दोन्हीकडे सारखाच एरर, तर साईटच्या सर्व्हरकडे बोट.

महिन्यातून एकदा सगळ्या घराला एरर, ही आपल्याकडची अगदी खास केस. लोकल केबलवाल्याचं ब्रॉडबँड असतं, प्लॅन संपतो, आणि तो नेट बंद न करता तुम्ही काहीही उघडलं तरी आपलं रिचार्जचं पान पुढे करतो. तुम्ही मागितली बँकेची साईट आणि उत्तर आलं केबलवाल्याच्या सर्व्हरकडून, मग ब्राउझर ओरडणारच की नाव जुळत नाही. व्हायरस आला म्हणून मला फोन येतो आणि मी विचारतो रिचार्ज कधी केला होता. स्टेशन, हॉटेल, हॉस्पिटलच्या फुकट वायफायवर पण हेच, लॉगिनचं पान भरेपर्यंत सगळीकडे एरर. अशा वेळी एचटीटीपीएस नसलेली, म्हणजे सर्टिफिकेट न वापरणारी, एखादी साईट उघडायची, नेव्हरएसएसएल डॉट कॉम नावाची साईट याच कामासाठी आहे, ती उघडली की मागचं लपलेलं लॉगिनचं किंवा रिचार्जचं पान समोर येतं.

सरकारी किंवा कोर्टाच्या आदेशाने ब्लॉक केलेल्या साईटवरही काही इंटरनेटवाल्यांकडे ब्लॉकची सूचना दिसण्याऐवजी सर्टिफिकेट एररच येतो. ते तुमच्या पीसीवर दुरुस्त होणारं काम नाही.

दुसरा ब्राउझर, इन्कॉग्निटो

इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, सहसा बंद असतात. तिथे चालत असेल तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा, फुकटचं व्हीपीएन आणि कूपन शोधून देणारी आधी. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघायचं कारण वेगळं आहे, फायरफॉक्सकडे विश्वासू संस्थांची स्वतःची यादी असते, क्रोमनेही २०२२च्या सुमारास विंडोजवर स्वतःची यादी वापरायला सुरुवात केली, एज मायक्रोसॉफ्टच्या वळणाने जातं. त्यामुळे "सही अनोळखी" एकाच ब्राउझरमध्ये येत असेल तर त्याच्या यादीत काहीतरी फरक आहे एवढं कळतं. ब्राउझर अपडेट करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

साईटचाच दोष असेल तर

हा भाग लोक सगळ्यात उशिरा धरतात, तोपर्यंत विंडोज दोनदा टाकून झालेलं असतं.

साईटच्या सर्टिफिकेटला मुदत असते आणि ती वर्षागणिक आखूड होत चाललीय. १ सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस होती, ब्राउझरवाल्यांनी आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी २०२५ मध्ये ठरवलं त्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १०० आणि २०२९च्या मार्चपासून ४७ दिवस. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था तर पहिल्यापासून सहसा ९० दिवसांचंच देत आलीय. म्हणजे साईटवाल्याने हे काम आपोआप होईल असं लावलेलं नसेल तर तो वर्षातून अनेकदा विसरणार. एक्स्पायर्स ऑन ची तारीख खरोखरच उलटून गेलेली दिसली आणि तुमची करंट डेट बरोबर असेल तर पीसीला हात लावू नका, त्यांना मेल टाका आणि उद्या बघा.

मग कधी येतो कधी जातो का? कारण मोठ्या साईटच्या मागे एक सर्व्हर नसतो, बरेच असतात, आणि त्यातल्या एकावर नवीन सर्टिफिकेट चढवायचं राहिलेलं असतं. तुम्ही रिफ्रेश करता तेव्हा कधी चांगल्याकडे जाता कधी जुन्याकडे. बँकेच्या एकाच काउंटरवरच्या माणसाला नवीन शिक्का मिळालेला नाही असं समजा.

दुसरं कारण जरा आतलं आहे पण मला ते आवडतं कारण त्याने भलेभले चकतात. साईटचं सर्टिफिकेट थेट मोठ्या संस्थेने सही केलेलं नसतं, मध्ये एक इंटरमीजिएट सर्टिफिकेट असतं आणि ते सर्व्हरने सोबत पाठवायचं असतं. काही जण पाठवायला विसरतात. ब्राउझरकडे ते दुसऱ्या कुठल्या साईटमुळे आधीच जमा असेल तर गपचूप चालतं, नसेल तर कधीकधी एरर. त्यामुळे तुमच्याकडे चालतं, शेजारी चालत नाही, नव्या पीसीवर चालत नाही आणि दोन दिवसांनी आपोआप चालायला लागतं. क्वालिसची एसएसएल लॅब्स म्हणून फुकट तपासणी आहे, तिथे साईटचं नाव टाका, "चेन इनकम्प्लीट" असं लिहून आलं की दोष त्यांचा. छोट्या पतसंस्था, शाळा-कॉलेज, नगरपालिकांच्या साईटवर हे जास्त दिसतं.

आणि अगदी साधं, पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून दोन्ही बघा. सर्टिफिकेट एकाच नावाचं काढलेलं असतं, बुकमार्कमध्ये एक असतं आणि गुगलवरून आलं की दुसरं.

काही एरर तर एरर नसतातच. राउटरचं पान उघडायला १९२.१६८.१.१ टाकलं की सर्टिफिकेटची तक्रार येते, कारण राउटरने स्वतःचं सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं असतं. डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्यांकडे १२७.०.०.१ या पत्त्यावर येणारा एररही त्यातलाच, तो तुमच्याच पीसीवर बसवलेल्या सही करणाऱ्या प्रोग्रामचा असतो आणि प्रोग्राम अपडेट झाला की परत येतो. पत्ता १२७.०.०.१ च आहे ना ते मात्र अक्षर न् अक्षर बघा.

अँटीव्हायरस

सही अनोळखी वाल्या केसमध्ये माझा पहिला संशय इथे. एखादी व्यवस्थित चालणारी साईट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, "कनेक्शन इज सिक्युअर", मग "सर्टिफिकेट इज व्हॅलिड", आणि "इश्यूड बाय" च्या खाली कोणाचं नाव आहे ते वाचा. तिथे तुमच्या अँटीव्हायरसचं नाव असेल तर समजा की तो मध्ये बसून प्रत्येक पाकीट उघडतो, वाचतो आणि स्वतःची सही करून पुढे देतो. त्यासाठी त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्यावर बाकीच्या सह्यांचा विश्वास टिकतो ते मूळ सर्टिफिकेट, विंडोजमध्ये घातलेलं असतं. हेतू चांगला असेलही, पण अपडेट चालू असताना, लायसन्स संपल्यावर किंवा फायरफॉक्सच्या यादीत त्याचं रूट गेलं नसेल तर एरर येतात आणि जातात. फायरफॉक्स तर अशा वेळी कोडमध्ये सरळ "एमआयटीएम डिटेक्टेड" लिहितो, म्हणजे मध्ये कोणीतरी बसलंय, आणि घरचे घाबरतात.

पूर्ण अँटीव्हायरस बंद करू नका. त्याच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग, वेब शील्ड, एन्क्रिप्टेड कनेक्शन स्कॅन असलं काहीतरी असतं, तेवढंच बंद करून दोन-तीन दिवस वापरा. एरर गेला तर अँटीव्हायरस काढून, पीसी रीस्टार्ट करून, त्यांच्या अधिकृत साईटवरून परत टाका, रूट नव्याने बसतं. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील तर एक आजच काढा, नवीन लॅपटॉपबरोबर आलेलं ट्रायल आणि नंतर विकत घेतलेलं अशी जोडी मला सर्रास सापडते. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर ही असली मधली सही करत नाही, घरगुती वापराला तो पुरतो असं माझं मत.

जुनं विंडोज

विंडोजमध्ये विश्वासू संस्थांची सगळी यादी पहिल्यापासून नसते, लागेल तसं एकेक रूट ते मायक्रोसॉफ्टकडून उतरवून घेतं. ज्यांनी डेटा वाचवायला किंवा पीसी फास्ट करायला विंडोज अपडेट मुळासकट बंद केलंय त्यांच्याकडे हे उतरवणंही कधीकधी बंद पडतं, मग नव्या संस्थेची सही असलेल्या साईट अडतात आणि जुन्या चालतात. अपडेट चालू करा, सगळे अपडेट होऊ द्या, मग बघा. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या मागे असलेलं एक जुनं रूट संपलं तेव्हा जगभरातल्या अपडेट न केलेल्या पीसी, टीव्ही आणि फोनवर एका रात्रीत एरर सुरू झाले होते, त्याचं कारण हेच.

विंडोज ७ असेल तर जास्त जीव काढू नका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमची १०९ ही त्याच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. फायरफॉक्सची ११५ ईएसआर टाकून थोडे दिवस ढकलता येतात कारण तिची यादी स्वतःची असते, पण अशा मशीनवर बँकेचं काम करू नये. विंडोज १० चाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

प्रॉक्सी, डीएनएस, राउटर

इथून पुढे जरा जपून. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी (तुमचं नेट ज्याच्यातून जातं तो मधला सर्व्हर). घरच्या पीसीवर "युज अ प्रॉक्सी सर्व्हर" बंदच असायला पाहिजे. चालू असेल आणि तुम्ही केलेलं नसेल तर बंद करा, आणि रीस्टार्टनंतर ते परत आपोआप चालू झालं तर कुठलातरी प्रोग्राम ते करतोय, म्हणजे पुढे स्वतः खेळू नका.

डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता सांगणारी सोय. त्यासाठी पीसीवर तात्पुरतं १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून काही दिवस बघा. एरर थांबला तर घरच्या राउटरचं किंवा इंटरनेटवाल्याचं डीएनएस चुकीचे पत्ते देत होतं. मग राउटरमध्ये लॉगिन करून डीएनएसच्या जागी अनोळखी आकडे आहेत का बघा, आणि राउटरचा पासवर्ड अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच असेल तर तो आधी बदला, कारण बाहेरचे आत शिरतात ते याच वाटेने. टाचणीने रीसेट मात्र लगेच मारू नका. आपल्याकडच्या फायबरच्या डब्यात केबलवाल्याने युजरनेम आणि लाईनीच्या सेटिंग भरलेल्या असतात, रीसेट केलं की त्या पुसतात आणि तो येईपर्यंत नेटच नाही. आधी त्याला फोन, मग रीसेट.

सर्टिफिकेटची यादी आणि रॅम

शेवटचं. स्टार्टमध्ये सर्टएमजीआर डॉट एमएससी टाइप केलं की विंडोजची विश्वासू यादी दिसते, पण ती फक्त बघा, काही डिलीट करू नका, चुकीचं रूट काढलं की विंडोज अपडेटसुद्धा बंद पडू शकतं. बघायचं कारण असं की २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातवालं सॉफ्टवेअर आणि त्याच वर्षी डेलच्या काही मशीनमध्ये ईडेलरूट नावाचं रूट कारखान्यातूनच आलेलं सापडलं होतं, दोन्हींनी वापरणाऱ्याचं कनेक्शन उघडं पाडलं होतं. म्हणजे अशी गोष्ट आत असू शकते. शंका आली तर बॅडएसएसएल डॉट कॉम वर जा, तिथे मुद्दाम बिघडवलेल्या सर्टिफिकेटची उदाहरणं आहेत, एक्स्पायर्ड, सेल्फ साइन्ड वगैरे. एक्स्पायर्ड आणि सेल्फ साइन्डवर एरर यायलाच पाहिजे. तिथलं एक्स्पायर्डचं पान तुमच्याकडे बिनबोभाट उघडलं तर पीसीत नक्की काहीतरी गडबड आहे.

रॅमचं क्वचित. पण एररचे कोड दरवेळी वेगळे, डाउनलोड केलेल्या झिप फाईल खराब निघतात, अधूनमधून निळी स्क्रीन, असं तिन्ही एकत्र असेल तर रात्री विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक लावून झोपा.

कुठे थांबायचं

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर पहिल्याच पायरीला थांबा आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांना सांगा, तिथे मधली सही कंपनीने मुद्दाम लावलेली असू शकते. प्रॉक्सी परत परत चालू होतेय, यादीत अनोळखी रूट आहे, बॅडएसएसएलचं पान विनाएरर उघडतंय, यातलं एकही असेल तर नेट काढा आणि माणूस बोलवा, तोपर्यंत त्या मशीनवर कुठलाही पासवर्ड टाकू नका. लॅपटॉप उघडायचा असेल, बिटलॉकरची की सापडत नसेल, तरी स्वतः काही करू नका.

एरर असताना "प्रोसीड" करून बँकेचा पासवर्ड टाकून झाला असेल तर दुरुस्तीवाल्याला नंतर बोलवा, आधी दुसऱ्या मशीनवरून मोबाईल डेटावर पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि माणूस बोलवलात तर त्याला त्या चार ओळींचा फोटो आणि नोट्समधली यादी आधी व्हॉट्सअ‍ॅप करा. ती न बघताच तो "फॉरमॅट मारायला लागेल" म्हणाला तर दुसरा बघा. फॉरमॅटने सेल भरत नाही आणि केबलवाल्याचा रिचार्जही होत नाही.